एक पॉइंट सहा

चार वर्षांच्या पोराला धरायला तीन माणसं लागतात, हे बाहेर कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. साबिराला विचारा. सौदीतल्या राबिघच्या त्या खाजगी इस्पितळात ती सतरा वर्षं भूलतज्ज्ञांच्या हाताखाली टेक्निशियन होती आणि तिच्या दोन्ही मनगटांवर पोरांच्या दातांचे ठसे होते. तोंडावर मास्क आला की पोर जिवाच्या आकांताने झुंजतं. लाथा घालतं, ओरबाडतं, थुंकतं, आईला हाका मारतं. पोर मिसरी म्हणजे इजिप्तचं असो, फिलिपिनो असो की आपलं रत्नागिरीचं, ती हाक सगळ्यांची सारखीच. मग सेवोचा, म्हणजे भुलीच्या गॅसचा, गोडसर वास छातीत उतरतो, अंग एकदोनदा ताठतं आणि मुठी सुटतात. साबिराने कोणाला कधी सांगितलं नव्हतं, पण त्या मुठी सुटल्या की तिला दर वेळी आपण काहीतरी वाईट केल्यासारखं वाटायचं.

खरं नाजूक काम त्याच्या पुढचं. मूल झोपलं की त्याच्या घशात एलएमए बसवायचा. ही एक नळी, तिच्या टोकाला फुगणारी मऊ वाटी. ती घशाशी नीट बसली की श्वासाची वाट मोकळी राहते आणि सर्जन निवांत काम करतो. गॅस पुरेसा गेला असेल तर पोराला पत्ताही लागत नाही. कमी पडला तर ते चावतं, खोकतं, आणि नशीब फुटकं असेल तर गळ्याची दारंच बंद करून घेतं. एरवी डॉक्टर मंडळी थोडा जास्तच गॅस देतात आणि मोकळी होतात. पण डॉक्टर सुबोध कर्णिकांना त्या वर्षी नेमका आकडा हवा होता.

कर्णिक नाशिकचे. पन्नाशी ओलांडलेले, हाताला वाकबगार आणि जिभेला जहरी. निताकातची, म्हणजे परदेशी माणसं काढून सौदी माणसं भरण्याची, ती वर्षं. दर दोन-तीन महिन्यांनी वरून यादी यायची आणि कोणाचा तरी इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द होऊन त्याचं कपाट रिकामं व्हायचं. कन्सल्टंटचा शिक्का टिकवायचा तर छापून आलेला पेपर दाखवा, असं कर्णिकांनाही सांगण्यात आलं होतं. म्हणून हा अभ्यास. पहिल्या मुलाला दोन पॉइंट दोन टक्के गॅस. नळी घालताना ते हललं तर पुढच्या मुलाला पॉइंट दोन जास्त, नाही हललं तर पुढच्याला पॉइंट दोन कमी. म्हणजे प्रत्येक पोराचा गॅस आधीच्या पोराने ठरवायचा. समितीची परवानगी होती, आईबापांच्या सह्या होत्या, जगभर असंच करतात असं कर्णिक सांगत आणि ते खरंही होतं. साबिराला मात्र पहिल्या दिवसापासून ही रीत खुपत होती. करायचं एकाने आणि भरायचं दुसऱ्याने, तेही दूधपित्या वयात!

मूल हललं की नाही हे सांगायला सहर होती. चोवीस वर्षांची सौदी मुलगी, तीन महिन्यांपूर्वी साबिराचं काम शिकायला आलेली. ती शिकून तयार झाली की साबिराची जागा जाणार, हे थिएटरमधल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. साबिराने तिचा दुस्वास करायचं रीतसर ठरवलं होतं. पण पोरगी वेळेवर यायची, दहा प्रश्न विचारायची, घरून गाव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणून पहिला कप साबिरापुढे धरायची. अशा माणसाशी वैर धरायचं तरी कसं? अभ्यासाच्या वेळी ती मशीनकडे पाठ करून उभी राही, म्हणजे गॅसचा आकडा दिसू नये, आणि पोराच्या हातापायांवर नजर ठेवी.

तिला प्रश्न विचारायचा तो अरबीतच, ही कर्णिकांची हौस. सहरचं इंग्रजी कामापुरतं ठीक होतं, पण आपल्याला त्यांची भाषा येते हे चारचौघांत दिसलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. ते विचारत, "तहर्रक?" म्हणजे हलला का? हलला असेल तर तिने "तहर्रक" म्हणायचं आणि नसेल हलला तर "नाम", म्हणजे झोपलाय. दोनच शब्द, त्यांनीच ठरवून दिलेले. टॅक्सीवाल्यांकडून आणि भाजीवाल्यांकडून उचललेली ती अरबी, पण तोरा असा की मक्केत जन्म झाला असावा.

अकरावं पोर एका मिसरी इंजिनियरचं होतं. गॅस एक पॉइंट आठ. कर्णिकांनी नळी घशात सरकवली, त्यांचे डोळे पोराच्या तोंडात, आणि त्याच क्षणी पोराने असा काही पाय झाडला की चादर उडून खाली पडली. सहर दचकली. ठरलेला शब्द तिच्या तोंडी आलाच नाही, आपल्या घरी बोलावं तसं ती पटकन म्हणाली, "नअम!"

नअम म्हणजे हो. हो, हलला. पण मधला 'ऐन' हा अरबी अक्षराचा उच्चार घशाच्या मध्यातून येतो आणि आपल्याकडच्या कानाला तो ऐकूच येत नाही. कर्णिकांना ऐकू आलं, "नाम". झोपलाय. त्यांनी वहीत वजाबाकीची खूण केली आणि मराठीत म्हणाले, "शाब्बास. पुढचा एक पॉइंट सहा."

साबिराला बरोबर ऐकू आलं होतं. हर्ण्याच्या मकतबात, कुराण शिकवणाऱ्या शाळेत, उस्तादांनी तिच्या बोटांवर छडी मारमारून तो ऐन तिच्या घशात बसवला होता. अख्ख्या वर्गात ऐन आणि अलिफ वेगळे म्हणणाऱ्या दोनच पोरी, त्यातली ती एक. सहर "नअम" म्हणाली हे तिला नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ कळलं, आणि चादर उडालेलीही तिने पाहिली. पुढच्या पोराला दोन टक्के मिळायला हवा होता, मिळणार होता एक पॉइंट सहा. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

मिटलं याला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी तिने कर्णिकांचा एक अरबी शब्द सर्वांसमोर दुरुस्त केला होता. सुदानी सर्जन पोट धरून हसला. कर्णिकही हसले, आणि दुसऱ्या दिवशी क्षुल्लक चुकीवरून त्यांनी हातातला लॅरिंगोस्कोप, घसा बघायचं ते पोलादी हत्यार, तिच्या अंगावर फेकला. गळ्याखालचं हाड आठ दिवस काळंनिळं होतं. "काझीणबाई, अजून काही शिकवायचं राहिलंय का?" असं ते तेव्हापासून येता-जाता विचारत. तक्रार कोणाकडे करणार? पाण्यात राहून माशाशी वैर होत नाही, आणि इथलं पाणीही आपलं नव्हे.

बारावं पोर आकिब. चार वर्षांचा, पंधरा किलोचा, हर्नियाचं साधं ऑपरेशन. बाप मुझम्मिल मूळचा श्रीवर्धनचा, रिफायनरीच्या एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर. साबिरा सहीचा कागद घेऊन बाहेर गेली तेव्हा तिची बोली ऐकून त्याचा चेहरा उजळला.

"ताई, कोकणातल्याच ना तुमी? मंग झालां! आपला मानूस आत हाय, आता काळजी नाय."

"त्येच्या नाकातोंडावर काय आणलां का लय भितो तो," त्याची बायको जोहरा म्हणाली. "जरा समजावून..."

"तू गप ग! त्येंना त्येंचां काम कळतां." मुझम्मिलने तिचं कोपर असं दाबलं की ती कळवळून मागे सरकली. या माणसाचा हात लवकर सुटतो, हे साबिराने ओळखलं.

तिने आकिबची छाती स्टेथोस्कोपने ऐकली, घसा पाहिला, नाक पाहिलं. स्वच्छ होतं सगळं. तिने त्याला उचलून कडेवर घेतलं आणि जोहराला म्हणाली, "काय नाय होनार. मी हाय ना."

जायचं आणि कर्णिकांना सरळ सांगायचं, असं ठरवूनच ती आत शिरली. तर आत कर्णिकांनी किडनी ट्रे भिंतीवर भिरकावला होता. सिरिंजा, अँप्यूल, कात्री, सगळं जमिनीवर. सहर कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी, तिच्या पायाशी काचा. अभ्यासाचा एक कागद तिने चुकीच्या फायलीत लावला होता, एवढंच.

"गुरुवारी यादीवर सही करायचीय मला," साबिराला पाहून कर्णिक म्हणाले. "टेक्निशियनची दोन नावं आहेत, त्यातलं एक ठेवायचं. ज्याला इथे राहायचंय त्याने तोंड बंद ठेवून काम करावं. कळलं का, काझीणबाई?"

"हो सर," साबिरा म्हणाली.

पॉइंट चारचा तर फरक. एवढ्याने काय होतंय? असं तिने स्वतःला समजावलं. ही शुद्ध लबाडी होती आणि ती लबाडी आहे हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं.

आकिब लढला. आजवरच्या अकरांपेक्षा जास्त लढला. मास्क पाहताच तो कडेवरून निसटला, टेबलावर उभा राहिला, वॉर्डबॉयच्या नाकावर त्याने टाच मारली. तिघांनी त्याला आडवा केला. एकाने पाय दाबले, सहरने हात धरले, कर्णिकांनी मास्क दाबला. "अम्मी! अम्मी ग! नुको!" साबिराने त्याचं डोकं दोन्ही हातांत घट्ट पकडून ठेवलं होतं आणि तो उलट्या डोळ्यांनी तिच्याकडेच बघत होता. कोणीतरी एखाद्याचा जीव घेत असावं असंच ते दिसत होतं. मग मुठी सुटल्या.

आठ टक्क्यांवर झोपवून गॅस खाली आणायचा आणि ठरलेल्या आकड्यावर दहा मिनिटं स्थिर धरायचा, ही रीत. ते काम साबिराचं. पोराच्या हातात सुई लागली, सलाईन सुरू झालं. श्वासातून परत येणारा गॅस मॉनिटर दाखवत होता: एक पॉइंट सहा. दहा मिनिटं तिची बोटं गॅस कमीजास्त करणाऱ्या चकतीवर होती. नुसती करंगळी हलवली असती तर दोन झाला असता. पाचव्या मिनिटाला तिने जरा चकती ढकलली, आणि कर्णिकांनी मान वळवून पाहिलं. तिने ती परत आणली. माणूस भ्याला की त्याची बोटंही त्याची राहत नाहीत.

"चला," कर्णिक म्हणाले आणि त्यांनी नळी आत घातली.

आकिबचं अख्खं शरीर धनुष्यासारखं वर उचललं गेलं. जबडा नळीवर खटकन मिटला. हात असा झटकला गेला की सलाईनची सुई उपसून निघाली आणि रक्ताची चिळकांडी सहरच्या गाऊनवर उडाली. एक खोकला आला, अर्धा, आणि मग आवाजच बंद. गळा आवळला गेला होता. छाती आत ओढली जात होती, पोट वर येत होतं, हवा मात्र कणभर आत नाही.

"सर, काढा ती!"

"गप! बसतेय. बसतेय." कर्णिक नळी रेटत होते. त्यांना काय झालं होतं कोण जाणे. चाळीस पोरांचा अभ्यास, शिक्का, पेपर, सगळं त्या एका नळीत अडकल्यासारखे ते ती आत दाबत होते. काहीतरी कडकन मोडलं. पुढचा दुधाचा दात गालावर येऊन पडला आणि मागून रक्त आलं. मॉनिटरचा टिकटिकाट एकेक पायरी खाली उतरू लागला. ऑक्सिजन नव्वद. चौऱ्याहत्तर. एकावन्न. ओठ जांभळे, मग राखाडी.

साबिराने नळीला हात घातला. कर्णिकांचं कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि ओठ फुटला. मग मात्र सतरा वर्षांचं सगळं एकदम उसळलं. तिने दोन्ही हातांनी त्यांना असं ढकललं की ते हत्यारांच्या ट्रॉलीवर आडवे झाले आणि ट्रॉलीसकट जमिनीवर गेले. तिने नळी उपसून फेकली, मास्क दाबला, ऑक्सिजन पूर्ण सोडला, आणि पोराच्या कानांमागच्या खोबणीत बोटं रुतवली. हाड मोडेल असं वाटण्याइतकी रुतवली. मेलेलाही उठून बसावा अशी ती कळ असते. गळा उघडेना.

"सहर! सक्स! इन द थाय! यल्ला!"

आवळलेला गळा सैल पाडणारं औषध, सकाळी साबिरानेच भरून ठेवलेली सिरिंज. सहरने काचांतून धावत ती उचलली आणि पोराच्या मांडीत मुठीने खंजीर खुपसावा तशी खुपसली. न थरथरता. नाडी साठच्या खाली आली होती. सुदानी सर्जन ओल्या हातांनी धावत आला आणि एका तळहाताने ती एवढीशी छाती दाबू लागला. नर्स सामान आणायला पळाली, दार उघडंच राहिलं, आणि बाहेरून जोहराची किंकाळी आली. तिला टेबलावरचे राखाडी पाय दिसले होते.

साबिरा मोजत होती. मोठ्याने मोजत होती आणि मधेच अल्लाचं नाव घेत होती. चाळीसच्या पुढे कधीतरी तिच्या बोटांखालचा जबडा ढिला पडला. मास्कमधून हवा गेली. छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. टिकटिकाट पायऱ्या चढू लागला. सहर भिंतीला टेकून आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली.

आकिब वाचला. दात गेला, जीभ चावली गेली, कानांमागे काळे डाग उमटले. पण अर्ध्या तासाने त्याने डोळे उघडले, आईचं नाव घेतलं आणि त्याला आयसीयूत नेलं.

कर्णिकांनी तोवर कपडे झटकले होते. साबिराला बाजूला घेऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "हे बघ. पोराला सर्दी होती. आईबापांनी लपवली. सर्दीत असं होतं, सगळ्यांना माहितेय. तू मला ढकललंस ते मी विसरलो. गुरुवारी ठेवायचं नाव तुझंच असेल, मी शब्द देतो." आणि उत्तराची वाट न बघता ते बाहेर गेले. साबिरा फुटक्या ओठाला बोळा लावून मागोमाग गेली.

"काय हो," बाहेर ते मुझम्मिलवर कडाडले, "पोराला सर्दी असताना आणता? आणि सांगत नाही? मरत होता तो तुमच्यामुळे!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा असतात, आणि बोंब मारून ते उभे राहिले, हात पाठीशी बांधून.

मुझम्मिल बायकोकडे वळला.

"काल बर्फाचा ज्यूस कोनी पाजला त्येला? सांगितलां व्हतां ना तुला!"

"एक घोट... त्यो रडत व्हता म्हनून..."

त्याने तिच्या तोंडात मारली. साधी थप्पड नव्हे. तिचं डोकं मागच्या पाण्याच्या कूलरवर आपटलं आणि ती खाली बसली. त्याने तिला स्कार्फसकट केसांना धरून वर ओढलं. "माज्या पोराला मारलांस असतांस तू! मारलांस असतांस!" हात पुन्हा वर गेला. जोहरा चुकवतही नव्हती. आपणच केलं असं तिला पटलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि साबिराला ते सहन झालं नाही. मार बघून नव्हे, ते पटणं बघून.

ती मधे घुसली. उतरणारा हात तिच्या खांद्यावर बसला.

"तिला नको. सर्दी नव्हती त्येला. छाती मी सोता ऐकली सकाळी. आधीचा पोर हलला व्हता, डॉक्टरांना उलटां आयकू आलां. त्याच्यापायी तुमच्या पोराला गॅस कमी दिला. माला बरोबर आयकू आलां व्हतां. माला म्हाईत व्हतां, आनि मी गप ऱ्हायले."

"खोटं बोलतेय ही!" कर्णिक ओरडले.

मुझम्मिलने त्यांच्या अंगावर झेप घेतली आणि ते दोघे दारावर आदळले. गार्ड धावला. जोहरा मात्र तिकडे बघतही नव्हती. ती कूलरला धरून उठली, साबिरासमोर आली आणि अंगात होतं तेवढ्या बळाने तिच्या फुटक्या ओठावर मारलं. मग पुन्हा मारलं. साबिराने हात वर केले नाहीत.

"मी तुज्या हातात दिला त्येला," जोहरा म्हणाली. "मंग कशापायी गप ऱ्हायलीस?"

सांगण्यासारखं खूप होतं. लॅरिंगोस्कोप होता, काळंनिळं हाड होतं, यादी होती, गुरुवार होता. साबिराच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"इकाम्यापायी."

त्या शब्दाचा अर्थ त्या कॉरिडॉरमध्ये कोणालाही समजावून सांगावा लागत नव्हता. मुझम्मिलची धडपड थांबली. गार्डच्या हातांतच तो ढिला पडला आणि खाली बघू लागला. त्याच्याही कंपनीत महिनाभर यादी फिरत होती. कर्णिकांनीही नजर वळवली.

एकट्या जोहराची नजर हलली नाही. "माज्या पोराच्या नरड्यावर पाय देवून तुजा इकामा?" तिने विचारलं.

"व्हय," साबिरा म्हणाली.

जोहराने स्कार्फच्या टोकाने स्वतःच्या ओठावरचं रक्त पुसलं. नवऱ्याकडे न बघता आणि साबिराला ओलांडून ती आयसीयूच्या दारातून आत गेली आणि ते आपल्यामागे लावून घेतलं.